माझ्याच सीडीवरचा गेम कॉम्प्युटरवर आणताना

पहिल्या प्लेस्टेशनचा कन्सोल मी कधीच विकून टाकला होता, पण रेसिंगच्या गेमची काळ्या पाठीची सीडी जपून ठेवली होती. तो गेम पुन्हा खेळायचा म्हणून आधी नेटवर तयार फाइल शोधली. झिप उघडली तर आत २ एमबीची एक्झी फाइल, म्हणजे चालवायचा प्रोग्रॅम! काही शे एमबीचा गेम एवढ्याशात मावेल कसा? फाइल उडवली, कॉम्प्युटर स्कॅन केला आणि ठरवलं, आपल्या सीडीवरूनच कॉपी काढायची. तसंही सीडी आपली असली म्हणून दुसऱ्या कुणी चढवलेली कॉपी उतरवून घेणं कायदेशीर ठरत नाही.

कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे इम्युलेटर. तोच बेकायदेशीर, असं मला कितीतरी जणांनी ठासून सांगितलं होतं. ते खरं नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अमेरिकेच्या अपील कोर्टाने २००० साली स्पष्ट केलं, की स्वतःचा इम्युलेटर बनवण्यासाठी कन्सोलच्या बायॉसचा (कन्सोल सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) अभ्यास करताना काढलेल्या कॉपी वैध वापरात मोडतात. मूळ बायॉसवर कॉपीराइट मात्र सोनीचाच. कन्सोल नसल्याने तो मला स्वतः काढता येत नव्हता, म्हणून मी पीसीएसएक्स-रिडक्स हा इम्युलेटर घेतला. त्यात नव्याने लिहिलेला ओपनबायॉस सोबतच येतो.

२०२४ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलचा इम्युलेटर असलेल्या युझूच्या निर्मात्यांनी निन्टेन्डोला २४ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, तिथे वाद स्विचच्या गेमचं एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप, तोडण्याचा होता. जुन्या प्लेस्टेशनच्या सीडीवरचा डेटा एन्क्रिप्ट केलेला नसतो, साधा डीव्हीडी ड्राइव्ह तो वाचतो. तरीही स्वतःपुरती कॉपी काढायला परवानगी आहे का, हे देशागणिक बदलतं. ते आधी बघून घ्या.

कॉपी काढताना ड्राइव्ह मध्येच घरघरत अडकला. सीडीवर ओरखडा होता. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली, वेग कमी केला, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. गेम सुरू झाला, गाडी पळाली, इंजिनाचा आवाजही आला, पण संगीत नाही! अर्धा दिवस मी साउंडच्या सेटिंग उलटसुलट केल्या. दोष माझ्या कॉपीत होता. मी आयएसओ प्रकारची फाइल काढली होती. त्या फाइलीत फक्त डेटाचा ट्रॅक येतो, आणि या गेमचं संगीत सीडीवर वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये आहे. मग बिन (ट्रॅकचा सगळा डेटा) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशा फाइलींच्या जोडीत नव्याने कॉपी काढली. तिचा हॅश, म्हणजे डेटावरून निघणारा ओळखीचा आकडा, अस्सल सीडींच्या नोंदी ठेवणाऱ्या रीडम्प साइटच्या यादीशी ताडून पाहिला. जुळला.

आणखी एक सांगतो. सेव्ह स्टेटवर, म्हणजे इम्युलेटरने साठवलेल्या त्या क्षणाच्या गेमवर, विसंबू नका, इम्युलेटर अपडेट झाला की ती उघडेलच असं नाही. गेममधूनच इम्युलेटरमधल्या मेमरी कार्डवर सेव्ह करा.

परवा रात्री पहिल्याच वळणावर ते संगीत सुरू झालं आणि मी आवाज वाढवला.