गाडी नसलेली रेल्वे

घरात छोटी रेल्वे मांडायची म्हटलं की पहिली आडवी येते ती लांबी. आपला नेहमीचा निळा आयसीएफचा डबा साधारण २२ मीटर लांब. या छंदात सगळ्यात जास्त चालणारं एचओ हे प्रमाण धरलं, म्हणजे मूळ वस्तूचा ८७वा भाग, तरी तो डबा २५ सेंटिमीटर भरतो. सतरा डब्यांची एक्स्प्रेस करायला गेलं तर इंजिनासकट साडेचार मीटर. एवढी सलग भिंत पुण्याच्या फ्लॅटमध्ये नसते असं नाही, पण तिच्यात एक दार असतं, एक खिडकी असते आणि कुणाचं तरी कपाट असतं. वळणाची कथा त्याहून वाईट. ब्रॉडगेजवर अगदी कडक म्हणावं असं वळण १७५ मीटर त्रिज्येचं. माझ्या मापात ते दोन मीटर झालं. गाडी नुसती वळून परत यायला चार मीटर रुंद खोली हवी, आणि ती खोली फक्त गाडीची हवी.

मग लोक तडजोड करतात. अर्ध्या मीटरची वळणं घालतात, इंजिनाला चार डबे लावतात आणि त्याला डेक्कन क्वीन म्हणतात. करोत बापडे. मला मात्र ती चार डब्यांची राणी बघवत नाही. एका स्टेशनातून शेपूट निघालेलं नसतं तोवर तिचं तोंड पुढच्या स्टेशनात शिरलेलं असतं. मध्ये खंडाळा आला कधी नि गेला कधी?

म्हणून मी लोको शेड, म्हणजे इंजिनांची देखभाल होते ती जागा, बांधायला घेतली. धावणारी गाडी सोडून दिली, तिची इंजिनं तेवढी ठेवली. डब्ल्यूडीएम-२ हे आपलं जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं डिझेल इंजिन १७ मीटरच्या किंचित पुढे जातं. माझ्या फळीवर ते वीस सेंटिमीटरलासुद्धा जरा कमी. अशी चार-पाच इंजिनं पुस्तकांच्या कपाटावरच्या सव्वादोन मीटरच्या फळीवर मजेत मावतात, आणि त्यांच्या लांबीत एका मिलिमीटरचीही लबाडी नसते. फ्लॅटमध्ये रेल्वेचा कुठला भाग खराखुरा करता येत असेल तर तो हाच, असं माझं आता ठाम मत आहे.

ठाम मतांना पाहुण्यांचा धोका असतो. पहिला प्रश्न येतो, ‘मुलासाठी केलंय का?’ माझ्यासाठी केलंय म्हटलं की थोडी शांतता, आणि मग दुसरा प्रश्न, ‘बरं, पण गाडी कुठंय?’ त्यांचंही चुकत नाही. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून लोक बघत आले आहेत. तिथे गाड्या धावतात, सिग्नल पडतात, अंधार करून दिवे लागतात. ते पाहिलेल्या माणसाला माझ्या फळीवर, काळ्या पडलेल्या जमिनीवर नुसती उभी असलेली इंजिनं दाखवायची म्हणजे त्याची परीक्षाच.

पण शेडमध्ये उभं राहणं हेच काम असतं. प्रत्येक इंजिन कुठल्या तरी एका शेडचं असतं आणि तिचं नाव त्याच्या अंगावर रंगवलेलं असतं: कल्याण, पुणे, आणखी कुठलं तरी. इंजिन देशभर कुठेही भटकत असलं तरी हा त्याचा आधार कार्डावरचा कायमचा पत्ता. ठरलेली तपासणी आली की ते तिथे परततं. मग त्याला खालून, बाजूने, वरून बघायचं असतं, आणि डिझेल शेडची सगळी रचना त्या ‘खालून, बाजूने, वरून’साठी असते. रूळ जमिनीवर नसतातच. ते खांबांवर उचललेले असतात, म्हणजे माणूस चाकांच्या नि मोटारींच्या उंचीला उभा राहू शकतो. रुळांच्या मधे खड्डा, त्याला पिट म्हणतात. आणि दोन्ही बाजूंना उंच फलाट, इंजिनाच्या बाजूची दारं उघडून थेट आत हात घालता यावा म्हणून. तीन मजल्यांवर माणसं कामाला आणि मधे इंजिन. एकदा हे कळलं की शेडचं छप्पर किती मोठं यापेक्षा जमीन किती खोल हा प्रश्न महत्त्वाचा होतो. मी प्लायवर प्लाय चढवून जमीन उचलली, नंतर पिटापुरती कापून काढली. त्यात अधूनमधून एकेक छोटा दिवा. संध्याकाळी तो पिवळा उजेड इंजिनाच्या पोटावर पडतो तेव्हा सगळं घर मला माफ आहे.

रुळांची रुंदी हा मात्र जिव्हारी लागणारा विषय. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. ८७ने गुणा, १४३५ मिलिमीटर येतात. हा युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६चा, त्याला १९ मिलिमीटरच्या थोडं वर हवेत. बाजारात मिळणाऱ्या रुळांवर भारतीय इंजिन ठेवलं की खऱ्या हिशेबाने त्याचे पाय साडेनऊ इंचांनी जवळ आलेले असतात. जाणकार माणूस समोरून बघतो, काही बोलत नाही, पण त्याची नजर चाकांवर थांबते. स्वतः एकेक रूळ बसवून रुंदी बरोबर करणारे तपस्वी जगात आहेत. मी त्यांच्यातली नाही. गंमत अशी की या रुळांवर तंतोतंत बसेल अशी गाडी आमच्या गावात नव्यानेच धावायला लागली आहे. पुणे मेट्रो स्टँडर्ड गेजवर चालते. म्हणजे प्रमाणाशी इमान राखायचं तर मी वनाज-रामवाडी करायला हवी. नको.

खरी मेहनत घाण करण्यात जाते. कोरं करकरीत मॉडेल खेळण्यासारखं दिसतं आणि शेड तर रेल्वेतली सगळ्यात तेलकट जागा. आल्को या अमेरिकी कंपनीच्या रचनेच्या या इंजिनांचा तेल गाळण्यात हात कुणी धरावा? त्यांच्या शेडमधली खडी खडी राहत नाही, काळा चिखल होतो. परदेशी दुकानात या सगळ्याच्या बाटल्या मिळतात, ‘गंज’, ‘काजळी’, ‘जुनं तेल’ अशा नावांच्या, आणि त्यांच्या किमती वाचून हसू येतं. गंजाला आपला गेरू आहे. चाळणीतून काढून वस्त्रगाळ केला आणि सुक्या ब्रशने रुळांच्या बाजूंना चोपडला की पावसाळे खाल्लेलं लोखंड समोर उभं. धुराड्याशी निरांजनाची काजळी. सांडलेल्या ताज्या तेलाची ओली चमक बिनरंगी नेलपॉलिशने येते, पण एखाद-दोन ठिकाणीच. जास्त झाली तर इंजिन लग्नाला निघाल्यासारखं दिसतं. मातीसाठी वापरलेल्या चहाची पावडर, धुऊन कडक वाळवलेली. तिच्यावरून सासूबाईंशी माझी बोलणी चालू असतात, कारण त्यांच्या गुलाबांचा त्या चोथ्यावर आधीपासूनचा हक्क आहे. खडी म्हणजे चाळलेली रेती. ती रुळांमधे पसरायची, पाण्याने भिजवायची आणि पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडायचं. साबणाचा थेंब विसरलात तर फेविकॉल रेतीवर मोत्यासारखा बसून राहतो, आत उतरत नाही.

रेतीवरून आठवलं. शेडच्या कोपऱ्यात मी वाळूसाठी एक छोटी खोली केली आहे. बघणाऱ्याला वाटतं बांधकाम अर्धवट राहिलंय. पण इंजिनाला डिझेल लागतं तशी वाळूही लागते. चाक घसरायला लागलं की चाकापुढे रुळावर वाळूची धार सोडतात. भोर घाटात, कर्जत ते लोणावळा, ३७ फुटांना एक फूट चढण, वर सह्याद्रीचा पाऊस आणि मागून ढकलायला बँकर इंजिनं; तिथे ओली गुठळी झालेली वाळू काय कामाची? म्हणून ती वाळवायची, चाळायची आणि मग भरायची. माझ्या इंजिनांना चढण नाही, घसरण नाही, वाळू नको. खोली तरी हवीच.

विजेचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण यात छंदी माणसं तासन्‌तास बोलतात. साध्या पद्धतीत रुळात १२ व्होल्ट सोडले की त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदम निघतात. गाडी एकच असेल तर ठीक. शेडमध्ये मात्र एकाला हलवायला जावं तर पाचही इंजिनं कवायत करतात. उपाय दोन: रुळांचे तुकडे तोडून प्रत्येकाला वेगळा खटका द्यायचा, नाहीतर डिजिटल पद्धत घ्यायची, जिच्यात प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते आणि ते आपला नंबर आला तरच हलतं. मी दुसरा मार्ग घेतला, एका लोभाने. त्या चिपमधून आवाजही काढता येतो. उभ्या आल्कोचा तो जड, अडखळता धबधब आवाज ज्यांनी एखाद्या छोट्या स्टेशनावर क्रॉसिंगला खोळंबून ऐकलाय, त्यांना माझी उभी इंजिनं समजावून सांगावी लागत नाहीत.

सध्या वाद आहे तो डोक्यावरच्या विजेच्या तारांचा. माझी शेड साधारण १९८०च्या दशकातली, सगळी डिझेल. पण हल्ली डिझेल शेडमध्येही विजेची इंजिनं राहायला आली आहेत. एक तरी गोऱ्या रंगाचं विजेचं इंजिन ठेवावं असा भाच्याचा आग्रह आहे. ते आलं की काळ बदलला, काळ बदलला की डब्ल्यूडीएम-२ गेली, आणि ती गेली तर मी कपाटावर चढायचं कशाला? हे त्याला पटवून झाल्यावर तो म्हणाला, ‘बरं मावशी, मग वंदे भारत?’

वंदे भारतला वेगळं इंजिनच नसतं, ती लोको शेडमध्ये येणार कशाला, हे मी त्याला शास्त्रशुद्ध सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. सोळा डबे असतात हे त्याला माहीत होतं, आणि सत्त्याऐंशीने भागायला मीच शिकवलं होतं. साडेचार मीटरच्या आसपास उत्तर काढून तो टेप घेऊन हॉलमध्ये गेला आहे, आणि आत्ता सासूबाईंना त्यांचं कपाट किती जड आहे ते विचारतो आहे.