आधी हुकलेला फोटो दाखवा

"माझं बजेट एवढं एवढं आहे, कुठला कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. फोनवर येतो, लिफ्टमध्ये येतो. एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत आला, तोंडात कापूस असताना. विचारणाऱ्याला मॉडेलचं नाव हवं असतं, आणि बरीच वर्षं मी नावं सांगतही होते. मग लक्षात आलं, की मी सांगितलेले निम्मे कॅमेरे चार महिन्यांत कपाटात गेलेत. कॅमेरे वाईट नव्हते. मी माणसाला न बघताच औषध लिहून देत होते.

हल्ली मी उलट विचारते. गेल्या सहा महिन्यांत मोबाइलने कुठला फोटो हुकला? तो दाखवा. डिलीट केला असेल तर वर्णन करा. यावर बरेच जण खट्टू होतात. गोळीचं नाव विचारायला जावं आणि डॉक्टरने "जीभ दाखवा" म्हणावं, तसं होतं त्यांचं.

परवा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं. त्याचं जवळपास ठरलेलंच होतं. फुल फ्रेम बॉडी (लेन्स सोडून नुसता कॅमेरा, त्यात उजेड टिपणारा सेन्सर मोठा) आणि सोबत येईल ती लेन्स, की बजेट संपलं. मी हुकलेला फोटो मागितला. त्याने मोबाइल पुढे केला. सहा-सात वर्षांची मुलगी स्टेजवर नाचतेय, चेहरा कसाबसा ओळखू येतोय आणि हातांच्या जागी नुसते पुसलेले पांढरे पट्टे. असले त्याच्याकडे चाळीस फोटो होते. "मोबाइलचा नाइट मोड रस्त्यावर रात्री काय सुंदर फोटो काढतो, इथेच कसा फसतो?" असं त्याचं म्हणणं. रस्ता हलत नाही म्हणून. नाइट मोड एकामागून एक बरेच फोटो घेतो आणि एकमेकांवर बसवतो. इमारत आहे तिथेच राहते, मुलगी राहत नाही.

म्हणजे रोग काय, तर उजेड कमी आणि हालचाल जास्त. आता हिशेब करू. बॉडीबरोबर येणारी किट लेन्स बहुतेक वेळा १८-५५ मिलिमीटरची असते (आकडा वाढला की दूरचं जवळ दिसतं) आणि तिच्यावर एफ ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. हा एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. झूम करून ५५वर गेलात की एफ ५.६. त्याऐवजी ५० मिलिमीटर, एफ १.८ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स लावली तर? उजेडाचं प्रमाण या आकड्यांच्या वर्गावर चालतं. ५.६ भागिले १.८ म्हणजे साधारण ३.१, त्याचा वर्ग साडेनऊच्या पुढे. दहा पट धरा. किट लेन्सला जिथे शटर १/३० सेकंद उघडं ठेवावं लागत होतं, तिथे ही लेन्स १/३०० सेकंदाच्या आसपास काम उरकते. १/३०मध्ये हात पुसला जातो. १/३००मध्ये बोटं मोजता येतात.

आता त्याच्या मनातली फुल फ्रेम बॉडी बघा. तिचा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी किंवा आपण ज्याला 'क्रॉप' म्हणतो तो साधारण २३.५ गुणिले १५.६, म्हणजे ३६६च्या आसपास. फायदा सव्वादोन-अडीच पट. तोही सोबतची लेन्स तितकीच उघडी असेल तर, आणि फुल फ्रेमबरोबर स्वस्तात येणारी लेन्सही अंधारीच असते. एवढं सगळं बजेट ओतून अडीच पट. जुन्या क्रॉप बॉडीला ५०ची एफ १.८ लावून दहा पट. ही लेन्स बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. प्लास्टिकची, हलकी, दिसायला गरीब.

तिच्या खोड्याही सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या आठवड्यात मलाच फोन येतो. एफ १.८वर फोकसची पट्टी फार अरुंद असते. क्रॉप बॉडीवर पाच मीटरवरून सुमारे पाऊण मीटर मिळते, नाचणारी मुलगी त्यात मावते. एक मीटरवरून मात्र जेमतेम तीन सेंटीमीटर. नाकावर फोकस बसला तर डोळे धूसर, कान गेलेच. लोक लेन्सला दोष देतात. एफ २.८ करा, किंवा मागे सरका. मागे सरकायला जागा नसेल तर ५० तुमच्यासाठी नाही, जास्त रुंद बघणारी ३५ बघा.

प्रत्येक हुकलेल्या फोटोचं उत्तर लेन्सच असतं असंही नाही. डोंगर-नदीचे फोटो सपक येतात म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, किती वाजता काढले? भर दुपारी. मग पहाटे उठा, कॅमेरा तोच राहू दे. फार तर ट्रायपॉड घ्या, दणकट घ्या. फुलांचे, किड्यांचे फोटो जवळून हवे असतील तर मॅक्रो लेन्सच्या आधी एक्स्टेन्शन ट्यूब आणून बघा. ती नुसती पोकळ कडी असते, आत काच नाही. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवली की लेन्स जवळचं बघू लागते. आणि दूरचे पक्षी? इथे मी खोटी आशा दाखवत नाही. ३०० मिलिमीटर क्रॉपवर ४५०सारखं दिसतं हे खरं, पण झाडाच्या शेंड्यावरच्या चिमणीएवढ्या पक्ष्याला तेही अपुरं पडतं आणि त्यापुढच्या चांगल्या लेन्स खिसा रिकामा करतात. पक्षी हा काटकसरीचा छंद नाही.

काही जणांकडे दाखवायला हुकलेला फोटोच नसतो. त्यांना मी कॅमेरा घेऊ नका म्हणते, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जातात.

मेगापिक्सेलबद्दल एकच परिच्छेद. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपक्यांच्या चांगल्या छपाईतही वीस इंच रुंद फोटो सहज होतो. फोरके पडद्यावर तर जेमतेम ८३ लाख ठिपके असतात, म्हणजे आठ मेगापिक्सेलच्या थोडं पुढे. तुमचा फोटो शेवटी कुठे दिसणार हे ठरवा आणि ४५ की ६१ हा वाद सोडून द्या. १० वर्षं जुनी २४ मेगापिक्सेलची बॉडी आजही २४ मेगापिक्सेलचीच आहे.

म्हणून माझं बजेटचं उत्तर बहुतेक वेळा सेकंडहँड असतं. त्यामागे कारण आहे. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३मध्ये तो आकडा ८० लाखांच्याही आत होता. मधल्या काळात मोबाइलने खालची बाजारपेठ गिळली, आणि कंपन्या महागड्या मॉडेलांकडे वळल्या. नवशिक्यासाठी नवीन, स्वस्त असं आता थोडंच उरलंय. पण ते कोट्यवधी जुने कॅमेरे काही हवेत विरले नाहीत. त्यात २०१८मध्ये नायकॉनने झेड आणि कॅननने आरएफ हे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचे नवे माउंट आणले, आणि आरसा असलेल्या जुन्या डीएसएलआरवाल्यांनी आपापल्या बॅगा विकायला काढल्या. कुणाची हौस फिटली, त्यात आपली सुरू होते.

माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते ती गोल कडी. खरेदीत सगळ्यांत दूरगामी निर्णय हाच. बॉडी बदलते, लेन्स राहतात. नायकॉनचा एफ माउंट १९५९चा, पेंटॅक्सचा के १९७५चा, कॅननचा ईएफ १९८७चा. त्यामुळे या तिन्हींसाठी जुन्या लेन्सची खाण आहे. पण खाणीत खड्डेही आहेत. नायकॉनच्या 'डी' खुणेच्या बहुतेक जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीत लागते. डी३०००, डी५००० मालिकेतल्या नवशिक्यांच्या बॉडींमध्ये ती नाही. लेन्स बसते, फोटो निघतो, फोकस मात्र हाताने करायचा. नाचणारी मुलगी तेवढी थांबत नाही. आणि मेलेले माउंट फार स्वस्तात मिळतात: नायकॉन वन, सॅमसंगचा एनएक्स, २०२३मध्ये कॅननने बंद केलेला ईएफ-एम. हातात येणाऱ्या दोन लेन्सवर आयुष्य काढायची तयारी असेल तर खुशाल घ्या, काही बॉडी खरंच गोड आहेत. तिसरी लेन्स शोधायला लागलात की रडाल.

सेकंडहँड लेन्स तपासायला मी शिकले ती ठेच लागून. माझी पहिली जुनी लेन्स ज्याने विकली तो म्हणाला, "वापरलीच नाही हो, कपाटातच होती." मला ते ऐकून आनंद झाला होता! बंद, दमट कपाट हीच तर बुरशीची जागा. समोरून काच लख्ख दिसत होती. महिनाभराने सूर्याकडे तोंड करून फोटो काढला तर सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा. मग लेन्सच्या मागून टॉर्च मारला, आणि आत कडेपासून मध्याकडे पसरलेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी दिसली. दिसायला सुंदर होती, हे कबूल करते. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. पुसली तरी चरे राहतात.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. दोन्ही झाकणं काढायची, अ‍ॅपर्चर (लेन्सचं पात्यांचं तोंड) पूर्ण उघडायचं, मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेवर तिरका धरायचा आणि समोरून बघत लेन्स हळूहळू फिरवायची. धुळीचे चार कण दिसतील. ते सगळ्यांकडे असतात, फोटोत येत नाहीत. जाळी किंवा वाफ धरल्यासारखं धुकं दिसलं की नमस्कार करून उठायचं, किंमत कितीही पाडली तरी. समोरच्या काचेवरचा एखादा ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा चालत नाही, तो फोटोत उतरतो. अ‍ॅपर्चरची पाती कोरडी हवीत. तेल लागलेली पाती आळशी होतात आणि फोटो जास्त उजळ येतात. शेवटी लेन्सचा वास घ्या. हसू नका. जुन्या ट्रंकेसारखा कुबट वास आला तर टॉर्च दुसऱ्यांदा मारा.

बॉडीचं तुलनेने सोपं आहे. स्वतःचं मेमरी कार्ड न्या. एफ १६वर पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस बिघडवून एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळपट ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण रेघ दिसली तर ओरखडा समजा. शटर किती वेळा पडलंय तेही बघा. सुरुवातीच्या पातळीच्या बॉडीचं शटर साधारण १ लाखासाठी तपासलेलं असतं, व्यावसायिक बॉडीचं ४-५ लाखांपर्यंत. नायकॉन आणि पेंटॅक्स हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतात, कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो सहज सापडत नाही. आकडा पाच हजार आणि पकडीचं रबर मात्र गुळगुळीत, असं असेल तर कुणीतरी गोष्ट रचतंय.

आणि दुसरी लेन्स घ्यायची घाई करू नका. मलाही एकदा ७०-२०० एफ २.८ हवी होती, दीड किलोची, खांदा मोडणारी. घेण्याआधी जुन्या फोटोंची माहिती उघडून बसले, कुठला फोटो किती मिलिमीटरवर काढलाय ते बघत. निम्म्याहून जास्त २८ ते ४०च्या मध्ये. मला लांबचं बघायची हौस होती, सवय नव्हती. मग किट लेन्सच्या झूमची कडी ३५वर आणून चिकटपट्टी लावली आणि आठवडाभर तशीच वापरली. दुसऱ्या दिवशी चिडचिड झाली. पाचव्या दिवशी चिकटपट्टी आहे हेच विसरले. मग ३५ घेतली, जुनी, टॉर्च मारून. ७०-२००चं स्वप्न अधूनमधून पडतं.

थोडे पैसे बाजूला ठेवा: जास्तीची बॅटरी, बरं कार्ड, सिलिका जेल आणि घट्ट झाकणाचा डबा. विकणारा यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारी लेन्सपुढची काच, गळ्यात घालेल. तो फिल्मच्या जमान्यात कामाचा होता, डिजिटलला त्याची गरज नाही. काच वाचवायची तर लेन्सहूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी छत्रीसारखी कडी, लावा.

सहकाऱ्याने फुल फ्रेमचा नाद निदान सध्या सोडलाय. एक जुनी क्रॉप बॉडी आणि ५०ची एफ १.८ त्याने हेरून ठेवली आहे, रविवारी विकणाऱ्याच्या घरी बघायला जाणार आहे. मी टॉर्च आणि कार्डाचं पुन्हा बजावलं. त्याने विचारलं, मुलीलाही नेऊ का? म्हटलं, नक्की न्या. खोलीतला दिवा मालवायला सांगा, पडदे ओढा आणि तिला तिथेच नाचायला लावा.