स्पीकरच्या पेटीनं गप्प बसावं म्हणून : आमची वाटचाल

धुळ्यात वडिलांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास लग्नसराई जोरात असायची आणि बँडवाल्यांच्या गाड्या दारात लागायच्या. पंधरा इंची स्पीकर, कॉइल (तारेचं वेटोळं) जळून काळी पडलेली, कोन (हलून आवाज काढणारा पडदा) फाटलेला, आणि सोबत एकच वाक्य : "संध्याकाळी शिरपूरला वरात आहे, तेवढं करून द्या." शाळेतून आलो की जुना कोन खरवडायचा, कॉइलच्या फटीतला कचरा चिकटपट्टीनं ओढून काढायचा आणि नवी कॉइल बरोबर मध्यावर बसवायची, हे माझं काम. कॉइल आणि लोखंड यांच्यात केसाएवढी जागा. एका बाजूला जरा झुकली की घासल्याचा आवाज येतो. माझा कान त्या घासण्यावर तयार झाला.

बँडचा स्पीकर लांबवर पोचावा म्हणून बनतो. घरी बसून ख्याल ऐकायला वेगळी वस्तू लागते, आणि ती आपण बनवावी हे मनात आलं डिप्लोमा झाल्यावर. अवधान एमआयडीसीत एका शेडचा अर्धा भाग भाड्यानं घेतला. स्पीकरची पहिली पेटी साधी चौकोनी, अठरा मिलिमीटर प्लायची, आत तीस सेंटिमीटर खोल. ड्रायव्हर, म्हणजे पेटीत बसवायचे सुटे स्पीकर, चांगले मागवले होते, पेटीचं आकारमान थील आणि स्मॉल यांच्या गणितानं काढलं होतं. (नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात ते मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दशकात पूर्ण केलं. पेटी बनवणारा प्रत्येक जण आजही त्यांच्याच ऋणात आहे.) खालचे सूर हिशोबाप्रमाणे आले. पण गाणारी बाई डब्यातून गातेय असं वाटायचं.

कारणं दोन होती. आत समोरासमोरच्या सपाट भिंतींमध्ये आवाज जातो-येतो, तीस सेंटिमीटरला साधारण ५७० हर्ट्झवर (सेकंदाला ५७० कंपनांवर) ठाण मांडतो, आणि पातळ कोनमधून पुन्हा बाहेर येतो. बाहेर त्याहून वाईट. कोनमधून निघालेली लाट पेटीच्या धारेपर्यंत पोचते, तिथं आधार संपतो आणि धारेवरूनच एक दुसरी, उशिराची लाट निघते. हॅरी ओल्सन यांनी अमेरिकेत १९५० च्या सुमारास बारा आकारांच्या पेट्या मोजून दाखवल्या होत्या : गोल सगळ्यांत गुळगुळीत, घन सगळ्यांत खडबडीत. ते आलेख मी कितीदा बघितले असतील! इतक्या जुन्या गोष्टीकडे दुर्लक्ष करून बाजार चौकोनी पेट्यांनी भरला, कारण चौकोन कापायला सोपा. धारेला दोन सेंटिमीटरची गोलाई दिली की काम झालं असं सांगतात, पण ती फक्त वरच्या सुरांना पुरते. गाण्याचा जीव ज्या पट्टीत असतो तिथं लाटेची लांबी हातभर असते.

मग निव्वळ गोल का नाही? कारण गोलाच्या आत केंद्रापासून सगळी अंतरं सारखी, त्यामुळे घुमणं थोड्याच सुरांवर एकवटतं. बाहेरून गोल आणि आतून निमुळतं, असं काहीतरी हवं होतं.

ते माझ्या धाकट्या बहिणीनं शोधलं. ती मूर्तिकाम शिकून आलेली. मी कागदावर वक्ररेषा काढत बसलो होतो, तिनं शाडूचा गोळा घेतला आणि दोन तासांत भोपळा केला. पुढं भरदार पोट, मागं निमुळती होत वर वळलेली शेपटी. नंदुरबारकडच्या डोंगरात पावरीला (आदिवासींच्या फुंकवाद्याला) जो भोपळा लावतात तो तिच्या डोळ्यांत होता. मला अठ्ठावीस लिटर हवे होते, तिला शेपटीचा बाक हवा होता, आणि यावर आमची महिनाभर भांडणं झाली. तिचा बाक ठेवला की आकारमान कमी, आकारमान ठेवलं की पोट बेढब. शेवटी फोमचा साचा कोरून त्यात ज्वारी भरून मोजायला लागलो. पाणी चालत नाही, आणि वक्र आकाराचं गणित करण्यापेक्षा लिटरच्या मापानं ज्वारी ओतणं लवकर होतं. अकरा साचे झाले. अकराव्यात माप आणि बाक दोन्ही बसले. तो आकार बहिणीचा आहे. मी फक्त माझा आकडा सोडला नाही.

पहिला खरा भोपळा आम्ही पाडलेल्या वाड्याच्या सागाच्या तुळयांतून केला. पट्ट्या जोडून, दहा मिलिमीटर जाडीचा, ढोलाच्या खोडासारखा. दिसायला अप्रतिम. ज्यानं ऐकला तो म्हणाला, काय गोड आवाज आहे! मीही खूश होतो.

साक्रीजवळच्या खेड्यातून मामा आले होते. मामांनी आयुष्यभर बैलगाड्या केल्या, चाकाची लोखंडी धाव बसली की नाही ते ठोकून आवाजावरून सांगायचे. ते अर्धा तास गाणं ऐकत बसले, मग उठून भोपळ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "भाचा, हाई पेटीबी बोलस ना!"

मी हात ठेवला. गायकाचा षड्ज काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) होता. तो तार षड्जावर गेला की लाकूड तळहाताखाली थरथरत होतं. काळी एकचा तार सा म्हणजे २७७ हर्ट्झ, आणि आमच्या सागाच्या कवचाचा स्वतःचा सूर नेमका तिथंच पडला होता. लोकांना जो गोडवा वाटत होता तो त्या गायकाचा नव्हता. दुसऱ्या पट्टीतलं गाणं लावलं तर तो गोडवा भलत्याच स्वरावर यायचा. पावरीच्या भोपळ्यानं, वीणेच्या भोपळ्यानं गायलाच हवं, त्यासाठीच तो असतो. स्पीकरच्या भोपळ्यात मात्र गाणारा आधीच बसलेला आहे. हा फरक मला पुस्तकांत वाचून माहीत होता. कळला त्या दिवशी.

पुढची दोन वर्षं लाकडाला गप्प करण्यात गेली. आता आतलं कवच बर्च प्लायच्या कड्यांचं असतं. सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर) कापलेल्या बत्तीस कड्या, प्रत्येक अठरा मिलिमीटरची, एकीपेक्षा दुसरी किंचित सरकवलेली, म्हणजे शेपटी वळते. त्यावर कधीच पूर्ण कडक न होणारा चिकट थर, आणि त्यावर सागाच्या अरुंद पट्ट्या. लाकूड हलायला लागलं की मधला थर दोन्हीकडून ओढला जातो आणि हालचालीची उष्णता होऊन जाते. पाया अंजनाच्या लाकडाचा. वनखात्याच्या डेपोत लिलावात घेतो. करवतीचे दात खाणारं, पाण्यात बुडणारं लाकूड आहे. मामांशिवाय कुणी त्याला हात लावायला तयार नसतं. शेपटीत लोकर भरतो, ठेलारी मेंढपाळांकडची, रिठ्याच्या पाण्यात धुतलेली. तोंडाशी विरळ, टोकाकडे दाट, म्हणजे मागं गेलेली लाट हळूहळू विरते, आपटून परतत नाही.

एक जोडी श्रावणात चिकटवली ती वैशाखात फुटली. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला जातो आणि हवेतला ओलावा पार संपतो. शिवण उघडून बोटभर फट पडली. ग्राहकाचे पैसे परत केले. तेव्हापासून प्रत्येक पट्टी वर्षभर, म्हणजे एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा, शेडमध्ये रचून ठेवतो.

वर जो छोटा भोपळा दिसतो तो ट्वीटरचा, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरचा. लोकांना वाटतं शोभेला आहे. वूफरचा (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) आवाज ट्वीटरच्या मानानं सुमारे दोन सेंटिमीटर मागून सुरू होतो. जिथं एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या अडीच हजार हर्ट्झला लाटच जेमतेम चौदा सेंटिमीटर लांब, तेव्हा दोन सेंटिमीटर म्हणजे थोडं नाही. सपाट फळीवर ही चूक सर्किटनं झाकावी लागते. आम्ही छोटा भोपळा तेवढाच मागं घेतला. त्यामुळे लिंकविट्झ-रायली पद्धतीचं क्रॉसओव्हर (दोघांत सूर वाटून देणारं सर्किट) सरळ, मोजक्या भागांत बसलं, आणि बहिणीला दोन भोपळ्यांची वीणेसारखी चाल मिळाली.

मोजायला निनादरहित खोली आमच्याकडे नाही. मामांच्या शेतात तीन मीटर उंच मचाण बांधली, स्पीकर वर, माइक त्याच उंचीवर एक मीटर पुढं. जमिनीवरून परतणारा आवाज पंधरा मिलिसेकंदांनी उशिरा येतो, तेवढ्यात थेट आलेला आवाज कापून घ्यायचा. थंडीतल्या रात्री उत्तम, पण ज्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज वीज रात्रीची असते त्या आठवड्यात आजूबाजूच्या विहिरींवर मोटारी सुरू होतात आणि काम बंद. विजेचं वेळापत्रक बघूनच आम्ही मोजणीच्या रात्री ठरवतो.

हे इंग्लंडच्या नॉटिलसवरून घेतलं का, असं विचारतात. १९९३ साली आलेल्या त्या शंखासारख्या स्पीकरमध्ये लॉरेन्स डिकी यांनी निमुळत्या नळीत मागची लाट जिरवली, आणि ते तत्त्व आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो, हे प्रत्येक ग्राहकाला सांगतो. बाक, लाकूड, लोकर आणि दोन भोपळे आमचे.

वर्षाला सहा जोड्या होतात. पुणे, मुंबई, इंदूर. सातवी मागितली तरी देत नाही. खोक्यात भरण्याआधी प्रत्येक जोडीवर काळी एकचं गाणं लावतो आणि मामा दोन्ही पोटांवर हात ठेवतात. "गप शे" म्हणाले तरच खिळे ठोकायचे. गेल्या पावसाळ्यात एका जोडीला नाही म्हणाले. उघडली तर डावीकडच्या मधल्या थरात हवेचा बुडबुडा निघाला.

आता उभ्या, मोठ्या भोपळ्याचं काम सुरू आहे, पंचेचाळीस लिटरचं. बहिणीचा शाडू चाकावर ओल्या गोणपाटाखाली आहे. शेपटी मला फार उंच वाटते, तिला नाही. ज्वारीचं पोतं आणून ठेवलंय, रविवारी माप घालायचं आहे.