आमची वाटचाल: 256 ची रांग

क्रिम्पिंग टूल (नेटवर्क केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचं), केबल टेस्टर आणि एक स्कूटर एवढ्यावर मी आणि दादांनी पुण्यात सर्व्हर बसवायला सुरुवात केली. दादांचं ते टूल अजून ऑफिसात आहे. आठही तारा एका दाबात बसतात, हल्लीच्या कित्येक स्वस्त टूलना ते नीट जमत नाही. पुढं ग्राहक केव्हीएमवर (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्सची सोय) नेले, कामं वाढली.

बुडायची वेळ आली ती हडपसरच्या कॉल सेंटरपायी. आमचं सगळ्यात मोठं खातं. त्यांचं अ‍ॅस्टरिस्क (कॉल जोडणारं सॉफ्टवेअर) व्हीएमवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर, हलवलं आणि गर्दीच्या वेळी आवाज तुटू लागला. दुसऱ्या एका फर्मनं मालकांच्या मनात भरवलं की व्हर्च्युअल मशीन हा प्रकारच खोटा. नवे नेटवर्क स्विच विकले, केबलिंग पुन्हा केलं, व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेलं आभासी नेटवर्क कार्ड) काढून ई1000 (जुन्या इंटेल कार्डाची नक्कल) लावलं. त्यानं सीपीयू आणखी चढला, ते काढावंच लागलं. आमचं बिल मात्र अडकलं. पोरांचे पगार उसनवारीवर निघाले. त्या दिवसांत नाशिकच्या एका छापखानेवाल्या काकांनी न मागता वर्षाच्या एएमसीचा (देखभाल कराराचा) चेक आगाऊ पाठवला. ते मी विसरणार नाही.

आवाज कुठं तुटतो ते शोधत होतो. स्विचवर एरर शून्य, व्हीएमच्या आत ईथटूललाही (नेटवर्क कार्डाचे आकडे दाखवणारी कमांड) शून्य. दादा म्हणाले, "घरात नाही, अंगणात नाही, मग उंबऱ्यावर बघ." होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतं त्या खऱ्या सर्व्हरवर, त्या व्हीएमच्या टॅप इंटरफेसचे (होस्ट आणि व्हीएममधल्या जोडणीचे) आकडे काढले. टीएक्स ड्रॉप्ड, म्हणजे पाठवताना गळलेल्या पॅकेटचा (डेटाच्या तुकड्यांचा) आकडा, भराभर वाढत होता. होस्टचं टीएक्स (पाठवणं) म्हणजे व्हीएमचं आरएक्स (घेणं). इथं भलेभले चुकतात.

हिशेब सरळ आहे. आवाज पाठवायच्या जी.711 पद्धतीत सहसा दर 20 मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला 50. 300 कॉल, प्रत्येकाची दोन टोकं: सेकंदाला 30,000 पॅकेट आत येणार. व्हर्टआयओची आरएक्स रांग मुळात 256 जागांची, ती 9 मिलिसेकंदांच्या आत भरते. बॅकअप सुरू झाला की होस्ट व्हीसीपीयूला (व्हीएमच्या आभासी सीपीयूला) तेवढं सहज ताटकळत ठेवतो. मग मागची टॅपची रांगही तुंबते आणि पुढची पॅकेट टाकून दिली जातात.

लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाच्या) एक्सएमएल फाइलमध्ये आरएक्स क्यू साइझ, म्हणजे त्या रांगेची लांबी, 1024 केली, मल्टिक्यू (एकाऐवजी अनेक रांगा) चालू केलं, व्हीसीपीयू वेगळ्या कोअरवर पिन केले, म्हणजे तिथंच बांधून टाकले. आतून रीबूट करून हे लागू होत नाही. मशीन पूर्ण बंद करून होस्टवरून परत सुरू करावं लागतं. त्या संध्याकाळी ऐन गर्दीत ड्रॉपचा आकडा जागचा हलला नाही, एकही नवं पॅकेट गळलं नाही.

नव्या पोरांना सांगतो, नुसती रांग वाढवून घरी जाऊ नका. व्हीएमच्या आत टॉप कमांडमध्ये एसटीचा (व्हीएमला हवा असून न मिळालेल्या सीपीयूचा) आकडा बघा. सीपीयूच मिळत नसेल तर 1024 सुद्धा भरते, आणि रांगेत उशिरा पोचलेला आवाज हरवल्यासारखाच असतो. अडलं की लगेच ई1000 लावायची सवयही सोडा.

बिल शेवटी मिळालं, खातंही राहिलं. मालकांनी स्विचवर घातलेले पैसे मात्र गेले ते गेलेच. त्या फर्मच्या कोटेशनमध्ये हल्ली 'आरएक्स क्यू 1024' अशी ओळ असते, असं दोघा ग्राहकांनी दाखवलं. ती ओळ आमच्या ऑफिसात लिहिली गेली आहे.