नाशिक ते कॅरिबियन क्रूझ: मोठ्या जहाजावरच्या सात रात्री, व्हिसापासून घड्याळापर्यंत

हा वृत्तांत पश्चिम कॅरिबियन मार्गाचा आहे. जहाज मायामीहून सुटतं, होंडुरासमधलं रोआटान, मेक्सिकोतली कोस्टा माया आणि कोझुमेल आणि शेवटी बहामासमधलं कोकोके बेट करून सात रात्रींनी मायामीलाच परततं. बंदरांचा क्रम फेरीगणिक बदलतो. जहाज ‘आयकॉन ऑफ द सीज’. जानेवारी २०२४ मध्ये ते सेवेत आलं. लांबी ३६५ मीटर, डेक २०. पूर्ण भरलं की साडेसात हजारांवर प्रवासी आणि दोन हजारांहून जास्त कर्मचारी, म्हणजे निफाड तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी वस्ती पाण्यावर तरंगते.

नाशिकहून या सफरीला जाणारे बहुतेक जण मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले आईवडील असतात; काही जण इथूनच गट करून जातात. दोघांचीही गाडी अडते ती दोनच ठिकाणी, व्हिसा आणि घड्याळ. म्हणून त्या दोन गोष्टी इथे सविस्तर लिहिल्या आहेत.

आधी कधी जायचं ते. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि त्याचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदारांची नेमकी इथेच पंचाईत होते. जानेवारी ते एप्रिल खुडा, मग खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. मोकळीक मिळते ती पावसाळ्यात, आणि तिकडे तेव्हाच वादळं. बागायतदारांनी जूनचा उत्तरार्ध धरावा. हंगाम सुरू झालेला असतो, पण जोर चढलेला नसतो. मात्र अमेरिकेतल्या शाळांना तेव्हा सुट्टी असल्याने भाडं चढं असतं. ज्यांना तारखांचं बंधन नाही, त्यांच्यासाठी दिवाळीनंतरचा नोव्हेंबर किंवा डिसेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला: हवा सुखद, भाडं बेताचं. वादळ आलं तर सफर सहसा रद्द होत नाही, जहाज मार्ग बदलतं. पश्चिमेचं तिकीट काढलेला माणूस पूर्वेकडच्या बेटांवर पोहोचू शकतो आणि त्याबद्दल भरपाई मिळत नाही. वगळलेल्या बंदराचे कर तेवढे परत येतात. करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, तो पैसे भरण्याआधी वाचा.

आता व्हिसा. अमेरिकेचा बी१/बी२ (पर्यटन-भेटीचा) व्हिसा लागतो आणि तो अनेक प्रवेशांचाच हवा, कारण जहाज अमेरिका सोडून परत अमेरिकेत शिरतं. मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत कधीची मिळते ते आधी पाहा आणि मगच क्रूझच्या तारखा ठरवा. त्याआधी बुकिंग करायचंच असेल, तर परत मिळणाऱ्या अनामत रकमेचं करा. ना-परतीचं स्वस्त पडतं, पण व्हिसा हातात नसताना ते घेऊ नये. उरलेली पूर्ण रक्कम साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरावी लागते आणि त्यानंतर रद्द केल्यास कापाकापी सुरू होते. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. बुकिंगवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, ते पासपोर्टवर जिथे आहे तिथेच बुकिंगमध्येही यायला हवं.

मेक्सिकोसाठी, अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला वेगळा व्हिसा लागत नाही. बाकीच्या प्रत्येक बंदराबद्दल क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, एजंटाच्या तोंडी ‘लागत नाही हो’ वर जाऊ नका. कागद अपुरे असतील तर मायामीच्या धक्क्यावरच अडवतात आणि पैसे बुडतात.

एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असलेल्या मुलांनी स्वतःचा व्हिसा जास्त बारकाईने तपासायला हवा. आईवडिलांचे कागद चोख असतात आणि मुलाच्याच पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असतो, असं सर्रास घडतं. अमेरिकेत राहण्याची परवानगी चालू असते, म्हणून ते लक्षातच येत नाही. मेक्सिको किंवा कॅनडात ३० दिवसांपर्यंत जाऊन संपलेल्या व्हिसावर परत येण्याची सवलत आहे, पण या मार्गावर होंडुरास आणि बहामासही येतात, त्यामुळे ती इथे चालत नाही. व्हिसा संपला असेल तर या जहाजावर चढू नये. आईवडिलांसाठी एक सांगायचं: क्रूझवरून परत आल्यावर मुक्कामाचे सहा महिने नव्याने सुरू होतात असं धरून चालू नका. परतल्यावर आय-९४ ची (अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत दाखवणाऱ्या नोंदीची) तारीख ऑनलाइन पाहा आणि परतीचं विमान तिच्या आत ठेवा.

मुंबईहून मायामीला थेट विमान नाही. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन मायामीतच होतं. न्यूयॉर्क किंवा नेवार्कमार्गे गेलात तर तिथे उतरून, बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. वयस्कर मंडळींना पहिला मार्ग सोपा जातो. नाशिकहून निघताना समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून (जून २०२५) कसारा घाट टळतो, पण पुढे भिवंडी आणि ठाण्यात वेळ जातोच. विमानाच्या वेळेच्या आठ तास आधी घर सोडा, पावसाळ्यात नऊ. मायामीत जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी पोहोचायचंच. जहाज कुणासाठी थांबत नाही आणि दहा तासांच्या आसपासचा वेळेतला फरक अंगावर घेऊन थेट धक्क्यावर जाणं वयस्कर माणसांना झेपत नाही.

सामानात काय घ्यायचं? नाशिकचा चिवडा कारखान्यातून सीलबंद पाकिटात आलेला असेल तर चालतो. घरचे लाडू, पुरणपोळ्या, डब्यातलं लोणचं जहाजावर घेऊ देत नाहीत. ताजी द्राक्षं किंवा कुठलंही फळ अमेरिकेत न्यायचं नाही. न सांगता नेलेलं सापडलं तर दंड होतो. जहाजाच्या बुफेतलं सफरचंदही खाली बेटावर न्यायला मनाई असते. किटली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड हे सगळं आगीच्या भीतीने जप्त होतं. चहाची सोय अशी: बुफेत उकळतं पाणी चोवीस तास नसलं तरी दिवसभर मिळतं, तेव्हा दूध-साखर-मसाला असलेली चहाची सीलबंद पाकिटं घ्या. जहाजावरचा चहा पिशवीचा असतो, आपल्या माणसाची त्यावर तलफ भागत नाही. औषधं मूळ पट्टीतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवा. धक्क्यावर दिलेली मोठी बॅग कॅबिनपाशी यायला संध्याकाळ होते. पोहण्याचे कपडेही हातातच असले तर पहिली दुपार फुकट जात नाही. एखाद-दोन रात्री ठेवणीतले कपडे घालून जेवायला जायचं असतं. येवल्याची पैठणी त्यासाठी अगदी योग्य.

कॅबिन निवडताना डेकचा नकाशा उघडून वरचा आणि खालचा मजला पाहा. पोहण्याच्या तलावाखालची कॅबिन नको, पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज येतो. थिएटरच्या वरचीही नको. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची घ्यावी. डोलणं तिथे सर्वांत कमी. जहाजाला स्थिर ठेवणारे पंख असतात, पण फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून जाताना जाणवायचं ते जाणवतंच. ॲव्होमिन घेत असाल तर निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही; झोप येते हेही लक्षात ठेवा, आणि रोजची इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आलेपाक खिशात असू द्या. बाल्कनीची कॅबिन घेताना ती समुद्राकडे उघडते का ते विचारा. या जहाजावर काही बाल्कन्या आतल्या बागेकडे उघडतात. त्या स्वस्त असतात, पण तिथून पाणी दिसत नाही.

चढल्यावर पहिलं काम आपत्कालीन सरावाचं. फोनवर किंवा टीव्हीवर चित्रफीत पाहायची आणि आपल्या कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जाऊन हजेरी लावायची, पाच मिनिटांत होतं. दुसरं काम, ॲपवरून कार्यक्रमांच्या जागा धरणं. तिकिटात ते फुकट असतात, पण पाण्यातल्या कसरतींचा आणि बर्फावरचा खेळ लवकर भरतात. जागा मिळाली नाही तर खेळाआधी अर्धा तास दारापाशी उभं राहा. रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत रांगेतल्यांना देतात.

जेवणाचं बरं आहे. बुफेत वरण-भाताच्या जवळ जाणारं काहीतरी, एखादी भारतीय भाजी बहुतेक वेळा असते. बसून जेवण्याच्या मोठ्या दालनात पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला ‘भारतीय शाकाहारी’ असं सांगून ठेवा, दुसऱ्या दिवसापासून वेगळं करून देतात. कर्मचाऱ्यांत भारतीय बरेच असतात, त्यांना विचारायला संकोचू नका. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. शाकाहाऱ्यांची फसगत होते ती सूप, मेक्सिकन बीन्स आणि पुडिंगमध्ये: सूप कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं, बीन्समध्ये डुकराची चरबी, पुडिंगमध्ये जिलेटिन. तिन्ही ठिकाणी विचारूनच घ्या. आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही.

खर्चाचं गणित तिकिटावर संपत नाही. कर्मचाऱ्यांची बक्षिसी दिवसाला माणशी साधारण १८ डॉलर धरा. चौघांचे सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात. ती आधीच भरून टाकली तर शेवटच्या दिवशी बिल अंगावर येत नाही. पाणी, साधा चहा-कॉफी, सरबत फुकट. शीतपेय आणि दारूला पैसे, वर १८ टक्के सेवाशुल्क. इंटरनेट माणशी दिवसाला वीस-पंचवीस डॉलरच्या घरात जातं, एकाच फोनवर घेतलं तरी घराचं भागतं. बंदर सुटताच फोन विमान मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं स्वतःचं मोबाइल जाळं पकडून रोमिंगचं जबर बिल लागतं. जहाजावरच्या खर्चाच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा, डेबिट नको: अडवलेली रक्कम बँकेच्या खात्यात परत मोकळी व्हायला कित्येक दिवस जातात. नाशिकहून एजंटामार्फत पॅकेज घेतलं तर टीसीएस (आयकराची आगाऊ वसुली) कापला जातो. त्याची पावती जपून ठेवा, विवरणपत्रात तो वळता होतो. प्रवास विम्यात क्रूझ आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते वाचा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल मोठं असतं आणि ते तुमच्या जहाजावरच्या खात्यालाच लागतं.

आता घड्याळ. कोझुमेल आणि कोस्टा माया ज्या किंताना रू राज्यात आहेत, तिथे वर्षभर एकच वेळ चालते. मायामीत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, आणि जहाज सहसा मायामीच्याच वेळेवर चालतं. समजा जून महिना आहे आणि परत चढण्याची शेवटची वेळ जहाजाच्या घड्याळानुसार साडेचार. किनाऱ्यावर तुमचा फोन स्थानिक टॉवर पकडतो आणि साडेतीन दाखवतो. तुम्ही निवांत नारळपाणी घेता, एक तास आहे म्हणून. तिकडे शिडी वर घेतली जाते. हिवाळ्यात कोझुमेलमध्ये हा घोळ नसतो, पण रोआटानला तेव्हाही स्थानिक वेळ मायामीच्या एक तास मागे असते, उन्हाळ्यात दोन तास. उपाय साधा आहे. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा, आणि मनगटावर साधं घड्याळ बांधून ते जहाजातल्या घड्याळाशी जुळवा. कप्तान कधी कधी जहाजाचीच वेळ बदलतो, त्याची घोषणा आदल्या रात्री होते. उतरताना दारापाशी फलक असतो, त्यावरच्या वेळेचा फोटो काढा. धक्का लांब असतो, चालायला पंधरा मिनिटं वेगळी धरा. पासपोर्ट कॅबिनच्या तिजोरीत, त्याची रंगीत प्रत खिशात.

बंदरांबद्दल थोडक्यात. कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय तेच करतात. बाहेरची सहल स्वस्त असते, पण जहाज चुकलं तर पुढचा सगळा खर्च तुमचा. कोझुमेलहून बोटीने पलीकडे जाऊन तुलुमचे अवशेष पाहण्याची सहल लांबलचक आहे आणि बोट बरीच हेलकावते, गुडघेदुखी असलेल्यांनी ती सोडावी. त्यापेक्षा बेटावरच पालांकारच्या प्रवाळावर स्नॉर्कलिंग करा, किंवा टॅक्सीचा दर आधी ठरवून दक्षिण टोकाला जा. कोस्टा मायाच्या किनाऱ्यावर वसंत ते ऑगस्ट सार्गासम शेवाळ ढिगांनी येऊन कुजतं. त्या दिवसांत किनारा विसरा आणि तासाभराच्या अंतरावरचे चाक्चोबेनचे माया अवशेष पाहा. रोआटानला वेस्ट बेचा किनारा पुरेसा आहे. कोकोकेवर वाळू, मोठा तलाव, जेवण फुकट; वॉटर पार्क आणि फुग्याची सफर यांना वेगळे पैसे. तिथे सकाळी पहिल्या तासाभरात उतरा, दहानंतर सावलीतली खुर्ची मिळत नाही.

शेवटच्या रात्री अकराच्या आत मोठ्या बॅगा खूणपट्टी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे, पासपोर्ट आणि औषधं त्यात जाणार नाहीत हे दोनदा पाहा. बॅगा गेल्या की जहाजावरून उतरल्यावरच मिळतात. स्वतःचं सामान स्वतः ओढणार असाल तर सातच्या सुमारास पहिल्या गटात उतरता येतं. इमिग्रेशनची रांग, बॅगा आणि टॅक्सी मिळून दोन-अडीच तास धरा. मायामी विमानतळ बंदरापासून फार लांब नाही, तरी त्या दिवशीचं भारताकडचं विमान दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका.