दिवे घाटापलीकडचं पाणी

पंढरीच्या वारीत दिवे घाट चढताना फोटो निघतात ते मागे वळून. खाली मस्तानी तलाव, नागमोडी रस्ता, पताका, रथाला जुंपलेल्या जादा बैलजोड्या. आमचे विणेकरी बाबा मात्र माथ्यावर आले की पुढं बोट करतात. "माउली, आता कऱ्हेचा मुलूख लागला."

बरोबरच आहे. माथ्याच्या मागं पडणारा पाऊस मुळा-मुठेला जातो, पुढचा कऱ्हेला. अन् पुढं तो पडतोच कमी. सासवडला संगमेश्वरापाशी कऱ्हेला चांबळी मिळते, पण ज्येष्ठात पात्रात पाणी दिसेलच याचा भरवसा नाही. जेजुरीजवळचं नाझरे धरण दुष्काळी साली तळ दाखवतं. वाल्ह्यापर्यंत आमची सगळी भिस्त टँकरवर.

मग नीरा येते. माउलींच्या पादुकांना दत्त घाटावर स्नान घालतात तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नसते. मी थोडं खालच्या अंगाला उतरलो. गुडघाभर गढूळ पाणी, बोटांच्या फटीत चिखल, टाचेच्या फोडाला गार लागलं तसा हुंकारच निघाला. शेजारच्या मावशी डोक्यावरची तुळस तोलत एका हातानं पाणी तोंडाला लावत होत्या. "वरून सोडलंय, म्हणून हाय," म्हणाल्या.

वरून म्हणजे वीर धरणातून. नीरा भोरच्या डोंगरातून येते, वेळवंडी तिला मिळते. या वेळवंडीवरच भाटघर धरण, 1928 मध्ये पुरं झालेलं. नीरा डावा कालवा त्याहून जुना, 1885 चा. तो बारामती-इंदापूरकडं जातो, उजवा फलटण-माळशिरसकडं.

लोणंद मागं पडून फलटण आलं की दोन्ही अंगांना ऊस. पहिल्यांदा आलेल्यांना वाटतं, इकडं पाऊस चांगला असणार. कसला चांगला! पुरंदरच्या पूर्वेसारखाच तोही पर्जन्यछायेचा पट्टा. फरक कालव्याचा, आणि तो कुणाच्या शिवारातून गेला याचा. ओवी-अभंगात नदी सगळ्यांची असते. कालव्याला मात्र पाळीपत्रक असतं, कुणाला कधी पाणी त्याचं.

तुकोबांच्या पादुकांचं स्नानही याच नीरेत, खाली सराटीला. कऱ्हा तोवर सोनगावला नीरेत गेलेली असते, नीरा पुढं नरसिंगपूरला भीमेत. आळंदीची इंद्रायणी तर तुळापूरलाच भीमेला मिळालेली. पंढरपुरात चंद्रभागा म्हणून भेटते तीत या सगळ्याजणी असतात, उजनीत अडलेलं आणि उसाला गेलेलं वजा जाता.