टेबलाला चटका बसतो तो असा

रविवार, काम आवरल्यावर

घरच्या टेबलावर सोल्डरिंग करायचं (वितळलेल्या धातूने इलेक्ट्रॉनिक भाग जोडायचे), तर टेबलावर काय अंथरावं यावर डोकं खाजवण्याआधी, टेबल खराब कशाने होतं ते बघायला हवं. पहिला संशय सोल्डरिंग आयर्नच्या बिटवर, म्हणजे तापलेल्या टोकावर, जातो आणि तो रास्तच आहे. बिट 320 ते 370 अंश सेल्सिअसवर असते आणि लाखेचं पॉलिश 75-80 अंशांतच मऊ पडतं. पण सांडलेल्या सोल्डरच्या थेंबाला लोक उगाच घाबरतात. 60/40 सोल्डर (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) 183 ते 190 अंशांच्या दरम्यान वितळतं, थेंब एवढासा असतो, पडल्या पडल्या गोठतो. तो ओला असताना पुसायला गेलं की मात्र पसरतो. गार होऊ दिला तर नखाने उडतो, मागे फार तर एक टिंब. आडव्या पडलेल्या आयर्नचं तसं नसतं, ती उचलेपर्यंत उष्णता ओततच राहते.

आणि आयर्न पडते ती बहुतेक वेळा हातातून नव्हे, स्टँडवरून. वायर टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत असते, तिच्या वजनाने किंवा कोपराच्या धक्क्याने हलकं स्टँड उलटतं. म्हणून स्टँड सुटं ठेवायचंच नाही, टेबलावर मांडायच्या एका फळीला पक्कं करायचं. (पडत्या आयर्नला झेलायला हात पुढे जातो, तो आवरायचा. टेबलाला पॉलिश परत मारता येतं.)

फळी अशी: 12 मिमी प्लाय, 60 × 45 सेंमी. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना 15 मिमी उंच लाकडी पट्टी, म्हणजे सोल्डरचे गोळे, रेझिस्टर, नट घरंगळून जमिनीवर जात नाहीत. पुढच्या कडेला पट्टी वर नको, मनगट तिथे टेकतं. ती खालून मारायची, 25 मिमी खाली उतरलेली, म्हणजे ती टेबलाच्या कडेला अडकते आणि जोर लावला तरी फळी मागे सरकत नाही. तळाला आणि या पट्टीच्या आतल्या अंगाला फेल्ट चिकटवायचं. स्टँड उजवीकडे मागच्या कोपऱ्यात दोन स्क्रूंनी पक्कं, डावखुऱ्यांनी डावीकडे. स्क्रूची लांबी स्टँडच्या पत्र्यासकट मोजावी. पत्रा 2 मिमी आणि प्लाय 12 असेल तर 12 मिमीचा स्क्रू पुरे. 16 चा घेतला तर त्याचं टोक 2 मिमी खाली निघतं आणि फेल्टमधून टेबलावर रेघ ओढत राहतं. टेबल वाचवायला केलेल्या फळीनेच टेबल ओरबाडावं, हे फारच झालं.

वायर मागच्या पट्टीवर क्लिपने धरायची, आयर्न आरामात फिरेल एवढी ढील सोडून. वायर साध्या पीव्हीसीची असेल तर बिट टेकताच तिचं आवरण वितळतं आणि आतली मेनची तार उघडी पडते. सिलिकॉनच्या वायरला ते भय जवळपास नाही.

फळीवर मधोमध सिलिकॉनचा मॅट. सुमारे 200 अंश तो सहज सोसतो, बिट क्षणभर टेकली तरी बिघडत नाही, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात तो राळेचा पदार्थ) पुसून निघतो. त्याचा दोष वेगळाच आहे: साधा सिलिकॉन वीजरोधक असतो, त्यावर घर्षणाने स्थिर वीज साठते. एलईडी, रेझिस्टर यांना फरक पडत नाही, मॉसफेटच्या (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या) गेट या नाजूक टोकाला पडतो. तसलं काम असेल तर दोन थरांचा अँटिस्टॅटिक रबरी मॅट घ्यावा आणि तो 1 मेगाओहमच्या रेझिस्टरमार्गे अर्थिंगला जोडावा. न जोडलेला असा मॅट म्हणजे नुसतं निळं अंथरूण.

कागद कापायचा हिरवा मॅट दिसायला अगदी योग्य वाटतो, पण तो पीव्हीसीचा. 80 अंशांच्या आसपास मऊ होऊन वाकतो, बिट लागली तर वास आणि खड्डा दोन्ही. वर्तमानपत्र सोल्डरचे थेंब झेलतं खरं, पण पडलेल्या आयर्नखाली धुमसतं. काचेवर सगळं घसरतं, आणि साधी काच एकाच जागी तापली तर तडकते. हॉट एअरसाठी (गरम हवेच्या झोताने सोल्डर वितळवायला) मात्र टाइलला तोड नाही. 20 × 20 सेंमीचा तुकडा, खाली फेल्ट, कारण टाइलची पाठ खरखरीत असते. 350 अंशांची हवा सर्किट बोर्डाच्या कडेवरून खाली वळते आणि मिनिटभर एकाच जागी मारा झाला तर सिलिकॉनलाही जड जातो.

आता ज्याची कोणी भीती बाळगत नाही ते: आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोर्डावरचा फ्लक्स धुताना ते ओघळतं, आणि लाख विरघळवायला अल्कोहोल हाच तर द्रावक. लाखेच्या पॉलिशवर ओली बाटली ठेवली की बुडाचं गोल वळं उठतं. असा डाग बऱ्याच ठिकाणी आढळतो. बाटली नेहमी फळीवरच, ब्रश झटकायचा नाही, बोर्ड बशीत धरून धुवायचा.

फ्लक्समधली राळ पॉलिशवर सांडलीच तर तिच्यावर अल्कोहोल चोळू नये. पिशवीत बर्फ घालून दोन मिनिटं वर ठेवावा. राळ ठिसूळ होते, प्लास्टिकच्या कार्डाने टवका निघतो. उरलेला चिकटपणा टर्पेंटाइनच्या ओलसर कापडाने जातो. टर्पेंटाइन राळ विरघळवतं, लाखेला हात लावत नाही. मेण लावलेलं लाकूड असेल तर मेण मात्र जाईल, ते परत लावावं लागेल.

सोल्डर केलेल्या भागांचे जास्तीचे पाय, म्हणजे तारांची टोकं, कापताना एक बोट पायावर धरायचं. नाहीतर तो तुकडा टणकन उडून फळीबाहेर जातो, कुणाच्या तरी मनगटाखाली सापडतो आणि सनमायकावर बारीक चरा उमटतो.

आवरताना कोरडा ब्रश नको. सोल्डरच्या कचऱ्यात शिसं असतं, झाडलं की धूळ उडते आणि टेबल जेवणाचंही असू शकतं. ओल्या कापडाने पुसायचं, ते कापड याच कामाला राखून ठेवायचं, हात साबणाने धुवायचे. बिट गार व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्यायची आणि मग स्टँडसकट अख्खी फळी उचलून कपाटामागे उभी करायची, आयर्न तेवढी काढून.